दर, मुदत आणि रोकड : वऱ्हाडच्या बाजारातून करनीतीच्या संशोधनाचा आढावा

मंदी आली की सरकारने कर उतरवावा, कर उतरला की उद्योजकाच्या गाठीशी पैसा उरतो, उरलेला पैसा तो यंत्रसामग्रीत आणि मजुरीत घालतो, आणि अशा रीतीने मंदीला उतार पडतो, ही जी विचारमालिका अर्थसंकल्पीय भाषणांतून आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो, तिची एकेक कडी वाजवून पाहण्याचे काम गेल्या पंचवीस वर्षांत अर्थशास्त्रज्ञांनी मोठ्या चिकाटीने केले आहे. त्यांचा पुरावा बहुतांशी अमेरिका, जर्मनी, फ्रान्स, चिली, पाकिस्तान अशा देशांच्या कर-दफ्तरांतून गोळा झालेला आहे. परंतु तो घेऊन अमरावतीच्या कापूसबाजारात किंवा अकोल्याच्या डाळ-मिलांच्या वसाहतीत उभे राहिले असता त्यातील कोणता भाग आपल्या उपयोगाचा आणि कोणता केवळ कौतुकाचा, हे बरेच स्पष्ट होऊ लागते. शिवाय वऱ्हाड हा प्रांत या परीक्षेस विशेष सोयीचा आहे, कारण येथील व्यापारउदीम दीडशे वर्षे मुख्यतः एका पिकाच्या भावावर झुलत आला, आणि सारा, अबकारी, जकात, विक्रीकर, व्यवसायकर, वस्तू व सेवा कर अशी महसुलाची बहुतेक सर्व रूपे त्याने अंगावर घेतली आहेत.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला; १८६५ साली युद्ध थांबताच तो भाव कोसळला आणि मुंबईच्या शेअरबाजारासह अनेकांची दिवाळी निघाली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. मात्र या तेजी-मंदीच्या पाठोपाठ येथे ज्या संस्था उभ्या राहिल्या, त्यांची आठवण तितकी ठेवली जात नाही. खामगावपर्यंत १८७० साली आलेला लोहमार्ग, तालुक्यातालुक्यांत उभी राहिलेली जिने आणि प्रेस, १८८६ साली कारंज्यात सुरू झालेला नियंत्रित बाजार, त्यामागून १८९७ चा वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा, आणि अमरावतीचे नाव घेऊन मुंबईपासून लिव्हरपूलपर्यंत व पुढे ओसाकापर्यंत पोहोचलेला ‘ऊमरा’ जातीचा आखूड धाग्याचा कापूस, हे सगळे त्याच काळाचे फळ होय. या संपूर्ण व्यवहाराच्या बुडाशी सरकारचा हक्क होता तो रोकड साऱ्याचा, आणि तो मुंबई पद्धतीच्या रयतवारी जमाबंदीप्रमाणे तीस-तीस वर्षांसाठी ठरवून दिलेला असे.

करशास्त्राच्या दृष्टीने या साऱ्याचे वैशिष्ट्य असे की तो उत्पन्नावर नसून जमिनीवर होता. सुगीच्या वर्षी शेतकऱ्याने मेहनत घेऊन जे अधिक पिकवले त्यावर सरकार हात मारीत नसे, त्यामुळे सारा उद्योगाला मारक नव्हता. पण भाव अर्ध्यावर आला तर तोच सारा चुकवण्यासाठी दुप्पट कापूस विकावा लागे, म्हणजे मंदीत हा कर आपोआप जड होत असे. लक्ष्मण सत्या यांचा वऱ्हाडातील कापूस व दुष्काळ यांविषयीचा १९९७ चा ग्रंथ आणि डीटमार रोदरमुंड यांचा १९३० च्या दशकातील महामंदीवरील १९९२ चा ग्रंथ, या दोहोंचा रोख निरनिराळा असला तरी रोकड साऱ्याच्या या ताठरपणावर दोघेही बोट ठेवतात. गंमत अशी की सरकारलाही एका ठरीव बोजातून सुटका नव्हती. १९०२ च्या करारानुसार वऱ्हाडाच्या कायमच्या पट्ट्याबद्दल निजामाला दरसाल २५ लक्ष रुपये द्यावयाचे ठरले होते, मग साल कसेही जावो.

या ताठरपणावरील उतारा म्हणून जुन्या महसूल खात्यात जी तीन साधने होती ती म्हणजे सूट, तहकुबी आणि तगाई. सूट म्हणजे सारा माफच. तहकुबी म्हणजे वसुली पुढील सालावर ढकलणे. आणि तगाई म्हणजे बी-बियाणे, बैल, विहीर यांसाठी सरकारी कर्ज. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत ही साधने किती उशिरा आणि किती कृपणतेने वापरली गेली याचा हिशेब वऱ्हाडाने माणसांच्या प्राणांनी चुकवला, हे विसरता येणार नाही. तथापि रोमेशचंद्र दत्तांच्या टीकेला उत्तर म्हणून कर्झनच्या सरकारने १९०२ साली जो महसूलविषयक ठराव काढला, त्यात वसुली सालमानाप्रमाणे लवचीक असावी हे तत्त्व निदान कागदावर तरी मान्य झाले. माझ्या मते या विषयावरील आजच्या संशोधनाचा सर्वांत भरीव निष्कर्ष तहकुबीच्या याच तत्त्वाच्या जवळ जाऊन पोहोचतो : पडत्या काळात कराचा दर किती, यापेक्षा तो कोणत्या महिन्यात, कोणत्या रोकडीतून आणि कोणाच्या हातून भरावा लागतो, याला अधिक महत्त्व असते.

प्रथम अमेरिकेतील पुरावा घेऊ. एरिक झ्विक आणि जेम्स महोन यांनी १९९३ ते २०१० या काळातील सव्वा लाखाच्या आसपास कंपन्यांची करपत्रके तपासून २०१७ साली दाखवले की यंत्रांवरील घसारा पहिल्याच वर्षी अधिक प्रमाणात वजा करू देण्याच्या सवलतीमुळे २००८ ते २०१० या मंदीच्या वर्षांत त्या सवलतीला पात्र अशी गुंतवणूक सुमारे १७ टक्क्यांनी वाढली. त्यातही लहान कंपन्यांचा प्रतिसाद मोठ्यांच्या जवळजवळ दुप्पट होता, आणि ज्या कंपन्यांना सवलतीचा पैसा त्याच वर्षी हाती येत होता त्यांनीच प्रामुख्याने हालचाल केली. कागदोपत्री सवलत तीच. पण फायदा पुढे केव्हातरी मिळणार म्हटल्यावर मालकाने यंत्र घेतले नाही. झ्विक यांच्याच दुसऱ्या अभ्यासात असे आढळले की तोट्याच्या बदल्यात मागील वर्षांचा भरलेला कर परत मागण्याचा हक्क असलेल्या कंपन्यांपैकी अवघ्या ३७ टक्के कंपन्यांनी तो मागितला. बाकीच्यांना एकतर तो माहीत नसावा, किंवा त्यांच्या हिशेबनिसाला ती यातायात परवडत नसावी. आपल्या आयकर कायद्यात तर तोटा मागे नेण्याची सोयच नाही. तो आठ वर्षे पुढे ओढता येतो, म्हणजे नफा परतल्यावर मदत मिळते. बुडत्याला काठावर पोहोचल्यानंतर दोरी देण्याचाच हा प्रकार आहे.

या कसोटीवर २० सप्टेंबर २०१९ चा निर्णय लावून पाहावा. त्या दिवशी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी कंपनीकर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर, आणि नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्क्यांवर आणल्याचे जाहीर केले. १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडण्याचा तो अंदाज होता. रिझर्व्ह बँकेच्याच पुढील वार्षिक अहवालाने नोंदवले की कंपन्यांनी हा लाभ नव्या भांडवली खर्चापेक्षा कर्जफेड आणि शिल्लक रोकड यांकडे वळवला. पण वऱ्हाडापुरता यापेक्षाही मूलगामी मुद्दा असा की येथील जिनिंगवाला, डाळ-मिलवाला, अडत्या, सरकी-पेंडीचा व्यापारी हा बहुधा भागीदारी पेढी किंवा एकट्याच्या मालकीचा धंदा चालवतो. भागीदारी पेढीचा दर त्या दिवशीही ३० टक्के होता आणि दुसऱ्या दिवशीही ३० टक्केच राहिला. कंपनी या कायदेशीर देहातच जी सवलत प्रवेश करू शकते, ती ज्या बाजारात असे देह थोडे आहेत तेथे पोहोचणार तरी कशी?

लहान धंदेवाल्यासाठी जी सोय आहे ती अनुमानित नफ्याची : उलाढालीच्या आठ टक्के, रोख नसलेल्या रकमेवर सहा टक्के नफा झाला असे गृहीत धरून कर घ्यावयाचा. मायकेल बेस्ट आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानच्या कर-दफ्तरावरून २०१५ साली दाखवले की जेथे नफा लपवणे सोपे आहे तेथे नफ्याऐवजी उलाढालीवर कर बसवल्याने चोरी बरीच घटते, आणि उत्पादनाचे थोडे नुकसान सोसूनही सरकारचा फायदा होतो. निष्कर्ष वाजवी आहे. मात्र त्यात जुन्या साऱ्याचाच गुण आणि जुन्या साऱ्याचाच दोष उतरला आहे, कारण मंदीत उलाढाल अर्ध्याने घटते तेथे नफा समूळ नाहीसा होतो, आणि ज्याला सहा टक्के सुटलेच नाहीत त्याने एकतर ते सुटले असे मानावे, नाहीतर वह्या लिहून, लेखापरीक्षकाला बोलावून आपला तोटा सिद्ध करावा.

आता जिनिंगचा व्यवहार जरा जवळून पाहू, कारण मुदतीचा प्रश्न तेथे सर्वांत उघडा दिसतो. १५ नोव्हेंबर २०१७ पासून शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावरील ५ टक्के जीएसटी शेतकऱ्याने नव्हे तर खरेदीदाराने भरावयाचा असतो. बाजारात याला सरळ ‘आरसीएम’ म्हणतात. हा कर जमेतून वळता करून चालत नाही, तो रोकडच भरावा लागतो, आणि मग त्याची जमा मिळून ती रुईच्या विक्रीवरील करात वळवता येते. उदाहरणादाखल १०० क्विंटल कापूस ७,००० रुपयांनी घेतला असे धरले तर शेतकऱ्याला सात लाख आणि सरकारात ३५ हजार. त्या कापसातून साधारण ३४ क्विंटल रुई, म्हणजे १७० किलोच्या २० गाठी, आणि बाकीची सरकी निघते. गाठी हातोहात सूतगिरणीला गेल्या तर ते ३५ हजार लवकर वळते होतात आणि कर जाणवतही नाही. परंतु दिवाळीनंतर आवक भरात असताना भाव उतरू लागला, गिरणीवाल्याने ‘थोडे थांबा’ म्हटले आणि गाठी गोदामातच पडून राहिल्या की मालात अडकलेल्या भांडवलासोबत करात भरलेली रोकडही अडकते. आणि नेमक्या त्याच वेळी मालाची किंमत घटली म्हणून बँक उचलीची मर्यादा खाली आणते. दर तोच पाच टक्के. तेजीत तो निरुपद्रवी, मंदीत तो अवेळी घेतलेले बिनव्याजी कर्ज. चिलीतील मूल्यवर्धित करावर डीना पोमेरान्झ यांनी २०१५ साली केलेले संशोधन या साखळीचे गुणगान करते, कारण प्रत्येक खरेदीदार आधीच्या विक्रेत्यावर आपोआप नजर ठेवतो. ते खरेच आहे, पण या पहाऱ्याचा पगार साखळीतील सर्वांत रोकड-दुबळी कडी देत असते, हे त्या गुणगानात कोठेतरी लिहिले गेले पाहिजे.

उलट बाजूने, लहान उत्पादकाचे येणे वेळेवर मिळावे म्हणून सरकारने केलेली तरतूदही मुदतीचीच आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्याच्या ४३ब कलमात घातलेल्या जोडणीनुसार सूक्ष्म व लघुउद्योगाचे देणे ठरलेल्या, फार तर ४५ दिवसांच्या मुदतीत चुकवले नाही तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. हेतू उत्तम, परंतु कापडबाजारात उधारी तीन-तीन महिन्यांची असल्यामुळे नोंदणीकृत लहान उत्पादकाऐवजी नोंदणी नसलेल्याकडून माल उचलण्याकडे काही खरेदीदार वळू लागल्याची ओरड लगेच झाली.

येथे संशोधनाचे दुसरे मोठे दालन उघडते ते उंबरठ्यांचे. कायद्याने ओढलेल्या एखाद्या रेषेच्या अलीकडे करदात्यांची जी गर्दी होते तिच्या आकारावरून त्यांचे वर्तन मोजण्याची रीत हेन्रिक क्लेव्हन आणि मझहर वसीम यांनी २०१३ साली पाकिस्तानच्याच आकड्यांवर फार कुशलतेने वापरली. अकोल्याच्या डाळ-व्यापाऱ्याला ही गोष्ट शिकवावी लागत नाही. जुलै २०१७ मध्ये नोंदणीकृत ब्रँडच्या डाळीवर ५ टक्के आणि इतर डाळीवर शून्य कर ठरताच देशभर ब्रँडची नोंदणी सोडून देण्याची लाट आली, इतकी की १५ मे २०१७ रोजी नोंदलेला ब्रँड करपात्रच धरावा, असे जीएसटी परिषदेला त्याच वर्षी सप्टेंबरात ठरवावे लागले. १८ जुलै २०२२ पासून ब्रँडचा निकष गेला आणि २५ किलोपर्यंतच्या वेष्टित, लेबल लावलेल्या पोत्यावर कर आला. तत्काळ बाजारात २६ आणि ३० किलोची पोती दिसू लागली. गिऱ्हाइकाची भूक काही पाच किलोंनी वाढलेली नव्हती. स्थानिक संस्था कराचेही तेच : १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतील उलाढालीला तो माफ झाला आणि ५० कोटी हा आकडा रातोरात महत्त्वाचा ठरला.

उंबरठ्याचा हा खेळ व्यापाऱ्याच्या बाबतीत हसण्यावारी नेता येतो, शेतकऱ्याच्या बाबतीत नाही. २००८ च्या कर्जमाफीत संपूर्ण माफीसाठी दोन हेक्टरांची मर्यादा होती; ओलिताच्या मुलखात दोन हेक्टर म्हणजे सुखवस्तू घर, पण वऱ्हाडच्या कोरडवाहू पट्ट्यात चार-पाच हेक्टरांचा धनीही सावकाराच्या दारात असतो. तीच गत पैसेवारीची, म्हणजे पिकाच्या सरकारी अंदाजाची : पीक ५० पैशांच्या खाली गेले तर साऱ्यात सूट, वीजबिलात सवलत, परीक्षा शुल्क माफ, आणि ५१ भरले तर काही नाही. म्हणूनच पैसेवारीचे आकडे जाहीर होताना तहसील कचेरीपुढे जी गर्दी होते ती कुतूहलाची नसते.

सवलत शेवटी कोणाच्या पदरात पडते, या प्रश्नावरही आता बराच उजेड पडला आहे. फ्रान्सने २००९ साली उपाहारगृहांवरील कर १९.६ वरून ५.५ टक्क्यांवर आणला, तेव्हा पदार्थांचे भाव नाममात्र उतरले आणि अर्ध्याहून अधिक लाभ मालकांकडे राहिला, असे युसेफ बेंझार्ती आणि डोरियन कार्लोनी यांना आढळले. कर वाढतो तेव्हा मात्र भाव तत्परतेने वाढतात. जर्मन नगरपालिकांच्या कंपनीकरावरील क्लेमेन्स फ्युएस्ट प्रभृतींचा अभ्यास सांगतो की कराचा साधारण अर्धा भार मजुरीतून वसूल होतो. कोरोनाकाळात अमेरिकेने कंपन्यांना पगार टिकवण्यासाठी सुमारे ८०० अब्ज डॉलर वाटले, परंतु डेव्हिड ऑटर व सहकाऱ्यांच्या हिशेबानुसार ज्यांची नोकरी एरवी गेली असती अशा कामगारांपर्यंत त्यातले २३ ते ३४ टक्केच पोहोचले. जर्मनीने मात्र २००९ च्या मंदीत कामाचे तास कमी करून वेतनाची तूट बऱ्याच अंशी सरकारी निधीतून भरून दिली, आणि ऐन भरात चौदा लाखांहून अधिक कामगार या योजनेत होते. आपल्याकडे २०२० साली तीन लाख कोटींची हमी मिळाली, पण ती आधीच्या बाकी असलेल्या बँक-कर्जाच्या २० टक्क्यांपर्यंत; ज्याचे कर्ज बँकेचे नसून अडत्याचे होते त्याच्यासाठी हमीचे ते कागद परक्या गावचे होते. आणि अचलपूरची फिनले मिल, जी सरकारी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाचीच, ती मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. मालक सरकार असूनही कामगाराला मंदीत आधार मिळेल असे नाही, हा धडा तेथल्या कामगारांना कोणत्याही शोधनिबंधावाचून मिळाला.

महामंदीच्या दशकात या प्रांताने याहून मोठी कल्पकता दाखवली होती. कापसाचा भाव गडगडला, रुपयाची किंमत १८ पेन्सांवर ताणून धरलेली, १९३३ साली जपानने हिंदी कापसावर बहिष्कार घातला आणि जानेवारी १९३४ च्या करारात जपानी कापडाच्या आयातीशी दहा ते पंधरा लाख गाठींची खरेदी जोडून तो सोडवावा लागला. अशा काळात मध्यप्रांत-वऱ्हाडात १९३३ चा कर्जतडजोड कायदा आला. त्यातील मंडळे सावकार-कुळांना समोरासमोर बसवून कर्ज कमी करीत आणि उरलेल्याचे हप्ते बांधून देत. म्हणजे पुन्हा मुदतच. १९३८ साली याच प्रांताने पेट्रोल व वंगणाच्या किरकोळ विक्रीवर कर बसवला, तो वाद फेडरल कोर्टापुढे आलेला पहिला संदर्भ ठरला, आणि कोर्टाने प्रांताचा अधिकार उचलून धरल्यामुळे पुढे साऱ्या देशातील विक्रीकराची वाट मोकळी झाली. गिरणी कापडावरील साडेतीन टक्के अबकारीविषयी, जी १८९६ ते १९२६ पर्यंत मँचेस्टरच्या समाधानासाठी चालू राहिली, येथे इतकेच म्हणतो की मंदीतही ती उतरवण्यास सरकारला तीस वर्षे लागली.

तथापि मंदीवरील करनीतीचा महाराष्ट्राने घालून दिलेला खरा वस्तुपाठ म्हणजे १९७५ चा व्यवसायकर. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने आणि १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेसाठी पगारदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्याकडून हा कर घ्यावयाचा, त्यात राज्याने तितकीच भर घालावयाची, आणि ग्रामीण भागात १९७७ च्या कायद्याने काम मागण्याचा हक्क द्यावयाचा. मुंबईच्या पगारातून कापलेला रुपया अशा रीतीने पडत्या सालात दर्यापूर-मूर्तिजापूरच्या मजुराच्या हाती आणि तेथून आठवडी बाजारातील दुकानदाराच्या गल्ल्यात जाई. झेव्हियर जिरू आणि होल्गर म्युलर यांनी अमेरिकेच्या २००७ नंतरच्या मंदीचा अभ्यास करून दाखवले की स्थानिक गिऱ्हाइकी आटली तेथे नोकऱ्या गेल्या, आणि कर्जबाजारी कंपन्यांत त्या अधिक गेल्या. वऱ्हाडच्या पेढ्या भांडवलाने अशक्त आणि गिऱ्हाइकीने शेतीवर अवलंबून, म्हणून त्यांना मंदीत करमाफीपेक्षा गिऱ्हाइकाच्या खिशातील मजुरीचा आधार मोठा, असे अनुमान मला त्यातून काढावेसे वाटते.

शिवाय एकाची सवलत ही दुसऱ्याची मंदी असते. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावले, तेव्हा कापड-निर्यातदारांना दिलासा म्हणून केंद्राने १९ ऑगस्टपासूनच कापसावरील ११ टक्के आयातशुल्क उठवले आणि ती मुदत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये हमीभाव जाहीर असताना नेमक्या वऱ्हाडच्या वेचणीच्या महिन्यांत विदेशी गाठी करमुक्त आल्या. सूतगिरणीच्या दृष्टीने तो मंदीवरचा इलाज, अमरावतीच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने तो भाव पाडण्याचा हुकूम. आणि दोघांचेही म्हणणे खरे.

नांदगावपेठेस प्रधानमंत्री मित्र वस्त्रोद्यान उभे राहत आहे, त्यात येणाऱ्या कंपन्यांना करसवलती, वीजशुल्कमाफी, भांडवली अनुदाने मिळतील. त्याला विरोध असण्याचे कारण नाही. मागणी इतकीच की जिनिंगवाल्याचा आरसीएम गाठ विकली जाईपर्यंत तहकूब ठेवण्याची मुभा पडत्या हंगामापुरती द्यावी, भागीदारी पेढ्यांना तोटा मागील दोन वर्षांच्या करातून वळता करू द्यावा, आणि अमरावती व अकोला जिल्ह्यांची जीएसटी-आयकर पत्रके, नावे वगळून, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ आणि पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांच्या संशोधकांसाठी खुली करावीत. ज्यांनी जर्मनीच्या नगरपालिकांचा आणि चिलीच्या दुकानदारांचा कर मोजला, त्यांना तेथील सरकारांनी दफ्तरे उघडून दिली होती.